दूध, धूर आणि आयोडीन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या आईला हा प्रश्न पडतोच. कारखान्यांचा धूर, रंगाचं पाणी, हे सगळं माझ्या दुधातून बाळाच्या पोटात जात असेल का? रात्री पाजायला उठलं, की हा विचार आणखीच छळतो.

काही रसायनं दुधात उतरतात, हे खरं आहे. परक्लोरेट, नायट्रेट आणि थायोसायनेट ही तिन्ही थायरॉइडकडे जाणाऱ्या आयोडीनची वाट अडवतात. परक्लोरेट फटाक्यांत असतं, नायट्रेट खतांमुळे बोअरच्या पाण्यात येतं. थायोसायनेट मात्र बऱ्याचदा घरातूनच येतं, विडी-सिगारेटच्या धुरातून. डेन्मार्कमधल्या 2004 सालच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या आयांच्या दुधात आयोडीन जवळजवळ निम्मंच आढळलं.

आपल्याकडच्या बायका सहसा विडी ओढत नाहीत, पण किती जणींच्या मांडीवर तंबाखूचं सूप असतं! विड्या वळता वळता बाळ रडलं, की तसंच उचलून पदराखाली घेतो. हजार विड्यांचा हिशेब डोक्यात असताना दुसरं काय सुचणार? तरी हात साबणाने धुवून, वरची साडी बदलून घेतलं तर बरं. आणि बाबांनो, रात्रपाळीहून दमून येता, कळतं. पण विडी घरात नको. बाळाला उठून बाहेर जाता येत नाही.

या भीतीने अंगावरचं पाजणं मात्र थांबवू नका. डब्यातलं किंवा गाईचं दूध त्याहून शुद्ध असतं असं नाही. उलट, आपल्याला पुरेसं आयोडीन मिळालं तर या रसायनांचा जोर कमी पडतो. खडेमीठ, सैंधव यांऐवजी आयोडीनयुक्त मीठ घ्या, बरणी घट्ट झाकून ठेवा.

थायरॉइडच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती शांत बाळांची. ‘किती गुणी, रडतच नाही,’ असं आपण सगळेच कौतुकाने म्हणतो. पण दूध प्यायलाही जाग येत नसेल, कावीळ लांबत असेल, शी घट्ट होत असेल, रडणं घोगरं असेल, तर बाळाचं थायरॉइड कमी पडत असू शकतं आणि ते सांगू शकत नाहीये.

जन्मानंतर तीन-चार दिवसांत टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉइडची टीएसएच तपासणी करता येते. थायरॉइडचा दोष जन्मजात असला आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धीची वाढ सांभाळली जाते. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, विचारावी लागते. राहिली असेल तर दीड महिन्याच्या लसीपर्यंत थांबू नका.