शाळेचे गाणे : शांतिनिकेतनातील उत्सव आणि आश्रमजीवन

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. पोशाख भाड्याने आणायचे, गाणी निवडायची, नाच बसवायचे, पाहुणे ठरवायचे. संमेलन पार पडते, बक्षिसे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा पुन्हा मुकी होते. आपल्यापैकी काही जण संस्कारवर्ग चालवतात, काही जण शिक्षक आहेत आणि पालक तर बहुतेक सगळेच आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही : गाणे हा शाळेच्या जीवनाचा भाग आहे, की वर्षातून एकदा अंगावर चढवायचा दागिना? मूठभर मुले रंगमंचावर आणि बाकीची अंधारात बसून टाळ्या वाजवणारी, हे चित्र आपण इतके गृहीत धरले आहे की त्यात काही खटकेनासे झाले आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनाकडे पाहावे. मराठी वाचकाला हे ठिकाण परके नाही. पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिले होते आणि ‘वंगचित्रे’ या पुस्तकातून त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. पण शांतिनिकेतन म्हटले की आपल्याला नोबेल पारितोषिक आणि विश्वभारती विद्यापीठ आठवते. येथे आपण त्याआधीच्या, त्याहून लहान गोष्टीचा विचार करू, म्हणजे तेथील शाळेचा.

पाच मुलांपासून सुरुवात

बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बोलपूरजवळच्या लाल मातीच्या माळावर १८६३ साली महर्षी देवेंद्रनाथांनी वीस बिघे जमीन घेतली. हेतू एकच, एकांतात ध्यान. ते ज्या झाडाखाली बसत ते छातिमचे, म्हणजे आपल्याकडची सातवीण. पुढे १८९१ मध्ये तेथे रंगीत काचांचे उपासनागृह उभे राहिले. त्यात मूर्ती नाही. दर बुधवारी तेथे प्रार्थना होते आणि त्यामुळे आजही तेथील आठवड्याची सुट्टी रविवारी नसून बुधवारी असते.

याच जागी २२ डिसेंबर १९०१ रोजी, बंगाली पंचांगातील पौष महिन्याच्या सातव्या दिवशी, रवींद्रनाथांनी ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. विद्यार्थी पाच, त्यांतला एक त्यांचाच मुलगा रथींद्रनाथ. पैसा नव्हता. पत्नी मृणालिनीदेवींनी दागिने दिले, पुरीचे घर विकावे लागले. वर्षभरातच मृणालिनीदेवी निवर्तल्या. उत्सवांसाठी आज ओळखली जाणारी ही शाळा सुखाच्या दिवसांत उभी राहिलेली नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

दिवस पहाटेच्या घंटेने सुरू होई. मुलांनी आपली जागा झाडायची, स्नान करायचे, थोडा वेळ एकट्याने शांत बसायचे, मग एकत्र प्रार्थना. वर्ग झाडाखाली, प्रत्येकाचे आसन प्रत्येकाच्या काखेत. आणि या सगळ्यात गाणे होते. उत्सवाच्या दिवशी पहाटे मुले व शिक्षक गात गात आश्रमाला फेरी घालत. त्याला ‘वैतालिक’ हे नाव मिळाले. राजाला गाऊन जागे करणारा तो वैतालिक, हा संस्कृतातला जुना शब्द. आपल्याकडची भूपाळी किंवा काकडआरती ज्याने अनुभवली आहे त्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको. या फेरीत श्रोता कोणी नसतो. जो उठला तो गातो, आणि ज्याचा गळा बरा नाही तोही चार पावले मागून गात चालतो.

रवींद्रनाथ गाणी रचत खरे, पण दिलेली चाल अनेकदा विसरून जात. ती टिपून, लक्षात ठेवून मुलांच्या गळ्यात उतरवण्याचे काम त्यांचे नातू (थोरल्या भावाचे नातू) दिनेंद्रनाथ करीत. या माणसाविषयी फार लिहिले गेले नाही. रचणाऱ्याचे नाव होते, शिकवणाऱ्याचे राहून जाते. आश्रमात शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्यांत पंडित भीमराव शास्त्री हे मराठी गृहस्थ होते, हेही आपल्याकडे थोड्यांनाच माहीत असते.

ऋतू आणि ऋण

आश्रमातील ऋतूंच्या उत्सवाचा आरंभ मोठ्यांनी केलेला नाही. १९०७ च्या वसंतपंचमीला रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने सवंगड्यांना घेऊन ऋतू-उत्सव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, तो पटकीने गेला. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, रवींद्रनाथांनी मुलांसाठी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले.

त्याचे कथानक साधे आहे. शरद ऋतूची सुट्टी लागली आहे, मुले रानात हुंदडायला निघाली आहेत. पण उपनंद नावाचा एक मुलगा पोथीची नक्कल करीत बसला आहे. त्याचे गुरू वीणावादक होते. ते वारले आणि त्यांच्यामागे एका कंजूष सावकाराचे कर्ज राहिले. ते फेडण्यासाठी तो लिहितो आहे. संन्याशाच्या वेषात फिरणारा राजा हे पाहतो आणि त्याच्या शेजारी बसून स्वतः लिहू लागतो. मग खेळायला निघालेली मुलेही येऊन बसतात. सुट्टी मोडली असे कोणालाच वाटत नाही.

येथे क्षणभर थांबावे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना आपण लहानपणापासून ऐकतो, पण मुलांना ती सांगायला गेलो की तिचे ओझे होते. नाटकात ऋण फेडणे हाच उत्सव आहे. शरदातली सृष्टी जे फुलून येते तेही तिला मिळालेल्या आनंदाची परतफेड आहे, असा त्या नाटकाचा आशय आहे. मुलगा गेलेल्या बापाने पुढच्याच वर्षी मुलांच्या हाती असा उत्सव द्यावा, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावावा. मला त्यात शोक दडपण्याचा प्रयत्न दिसत नाही. शमीने सुरू केलेले काम अर्धे राहू नये, एवढेच दिसते.

पुढे वर्षभराची एक मालाच तयार झाली : वर्षामंगल, शरदोत्सव, पौषोत्सव, वसंतोत्सव. जुलै १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव झाला. बकुळीचे रोप सजवलेल्या पालखीतून वाजतगाजत आणले गेले, पाच मुले पंचमहाभूते झाली. लगेच श्रीनिकेतनात हलकर्षण झाले. बैल सजले, संस्कृत मंत्र म्हटले गेले आणि सदुसष्ट वर्षांच्या रवींद्रनाथांनी स्वतः नांगर धरला. पोळा पाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला बैल सजवणे नवे नाही. शाळेने नांगराला आपल्या उत्सवात बसवणे मात्र नवे होते.

नृत्य की पूजा?

शाळेतील कलेविषयी सर्वांत गंभीर प्रश्न १९२६ साली उभा राहिला. त्याआधी काही वर्षे रवींद्रनाथांनी सिल्हेटकडे मणिपुरी नृत्य पाहिले होते आणि आश्रमात मणिपुरी शिक्षक आणले होते. त्या काळी घरंदाज मुलीने लोकांसमोर नाचणे निंद्य मानले जाई. अशा वेळी रवींद्रनाथांच्या वाढदिवशी मुलींनी ‘नटीर पूजा’ हे नाटक सादर केले. श्रीमती या नर्तकीची भूमिका चित्रकार नंदलाल बोस यांची मुलगी गौरी हिने केली.

नाटक बौद्ध कथेवर आहे. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धाच्या स्तूपाची पूजा बंद करण्याचा हुकूम निघतो. स्तूपाचा अपमान व्हावा म्हणून राजवाड्यातील नर्तकी श्रीमतीला त्याच्यासमोर नाचण्याची आज्ञा होते. ती नाचते. नाचताना एकेक दागिना, एकेक भरजरी वस्त्र उतरवून ठेवते आणि आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते. जे अपमानासाठी योजले होते त्याचीच पूजा होते. ती तेथेच मारली जाते.

पुढील वर्षी हे नाटक कलकत्त्यात जोडासांकोच्या ठाकुरवाड्यात झाले. तेव्हा नाटकात उपाली नावाच्या भिक्षूची भूमिका नव्याने घातली गेली आणि ती खुद्द रवींद्रनाथांनी केली. मुलींवर होणारी टीका आधी आपल्यावर यावी, अशी ही योजना होती असे मानायला जागा आहे. मुलांना रंगमंचावर चढवणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतः कोठे उभे राहावे, याचे उत्तर यातून मिळते. आपल्या संमेलनात शिक्षक विंगेत असतात आणि पालक मोबाईल घेऊन समोर.

संस्कारवर्गात या कथेवर बोलताना मुलांना एवढेच विचारावे : तेच पाय, तीच पावले, मग करमणूक कोठे संपली आणि पूजा कोठे सुरू झाली? लहान मुले यावर मोठ्यांपेक्षा बरी उत्तरे देतात.

भांडी आणि सतार

गाणे-नाटक चालू असताना स्वयंपाक कोण करीत होते? हा प्रश्न मार्च १९१५ मध्ये गांधीजींनी आश्रमात येऊन विचारला. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले त्यांच्याआधीच तेथे येऊन राहिली होती. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकरही तेव्हा शांतिनिकेतनातच होते आणि गांधीजींशी त्यांची पहिली भेट तेथेच झाली. पगारी आचारी व नोकर ठेवण्याऐवजी मुलांनी व शिक्षकांनी सारी कामे स्वतः करावीत, असे गांधीजींनी सुचवले. रवींद्रनाथांनी संमती दिली आणि १० मार्चला प्रयोग सुरू झाला. काही जण भाज्या चिरू लागले, काही धान्य निवडू लागले, काही जण स्वयंपाकघराचा परिसर स्वच्छ करू लागले. मोठमोठी भांडी घासण्याचे काम कंटाळवाणे, म्हणून घासणाऱ्यांसमोर बसून काही विद्यार्थी सतार वाजवीत. हे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे.

प्रयोग फार दिवस टिकला नाही. मुलांची ताकद, अभ्यास, शिक्षकांचे मतभेद, सगळेच आड आले. तरी १० मार्च हा दिवस आश्रमात ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कर्मचाऱ्यांना सुट्टी आणि झाडलोट-स्वयंपाक विद्यार्थी व शिक्षकांकडे. माझ्या मते शांतिनिकेतनाच्या साऱ्या उत्सवांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, जरी पर्यटक तो पाहायला येत नाहीत. सर्वपित्री अमावास्येला, म्हणजे बंगालच्या महालयाला, भरणारा ‘आनंदबाजार’ही असाच. मुले स्वतः केलेल्या वस्तू व खाद्यपदार्थ विकतात आणि जमलेला पैसा गरजूंच्या सेवेला जातो.

पैशाची आणि गर्दीची बाजू

हे सर्व आदर्श होते असे म्हणणे खोटे ठरेल. संस्था चालवायला पैसा लागे आणि त्यासाठी रवींद्रनाथांना मुलामुलींची नाट्य-नृत्य पथके घेऊन गावोगाव फिरावे लागे. जे गाणे श्रोत्याविना फुलले होते त्याला तिकीट लागले. १९३६ च्या मार्चमध्ये, पंचाहत्तरीला टेकलेले कवी असेच दिल्लीला पोहोचले तेव्हा गांधीजींना राहवले नाही. त्यांनी खटपट करून साठ हजार रुपयांची देणगी मिळवून दिली आणि तो दौरा थांबवायला लावला. कलेचे प्रदर्शन करून आश्रम जगवावा की आश्रम अडचणीत राहू द्यावा, हा पेच देणगीने त्या वेळेपुरता सुटला, कायमचा नाही. आज तो पेच गर्दीच्या रूपाने समोर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. दुसरीकडे, होळीला लोटणाऱ्या अफाट गर्दीमुळे विश्वभारतीला अलीकडच्या वर्षांत वसंतोत्सव बाहेरच्यांसाठी बंद ठेवावा लागला. पाहणारे इतके वाढले की गाणाऱ्यांना जागा उरली नाही.

आपल्या वर्गात काय करता येईल

आपल्याकडे आम्रकुंज नाही, दिनेंद्रनाथ नाहीत. तरी काही गोष्टी पैशाविना होतात. वर्षभरात सहा गाणी निवडावीत, प्रत्येक ऋतूला एक, आणि ती सर्व मुलांना यावीत. निवडक आवाजांचा वेगळा गट करू नये. गाणे शिकवताना पेटीची पट्टी शिक्षकाच्या सोयीची धरू नये. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये सुरू करतात आणि मुले एक तर ओरडतात किंवा गप्प बसतात. काळी चार किंवा पाच धरून पाहावी. ध्वनिमुद्रित साथ शक्यतो नको, कारण तिच्यामागे मुलांचा आवाज लपतो आणि कोण गात नाही ते कळत नाही. पहिले दोन-तीन आठवडे सूर जुळणार नाहीत. जुळू द्यावेत, कार्यक्रमाची तारीख तोवर ठरवू नये.

शिबिरात जेवणानंतर भांडी घासण्याची पाळी असतेच. त्या वेळी घासणाऱ्यांसमोर कोणी बसून गायचे, हेही पाळीच्या तक्त्यात लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांची अदलाबदल करावी.