तक्रार केली, पुढे काय?

समजा, मस्कतमधल्या मत्रा सूकमध्ये तुमच्या आईची पर्स चोरीला गेली. आत फोन, रेसिडेंट कार्ड आणि पासपोर्ट होता. तुम्ही दोघं पोलिस स्टेशनला गेलात आणि तक्रार दिलीत. (तातडीची मदत हवी असेल तर ओमानमध्ये ९९९९ हा नंबर फिरवायचा.) आता पुढे काय होतं?

‘तक्रार’ हा शब्द मूळचा अरबी, तो फारसीतून मराठीत आला. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. तक्रारदाराला खरंच तेच पुन्हा सांगावं लागतं. आधी रॉयल ओमान पोलिसांना, मग गरज पडली तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात आणि खटला उभा राहिला तर कोर्टात. पुन्हा विचारलं म्हणजे आपल्यावर विश्वास नाही, असं समजू नका.

पोलिस तुमचा जबाब घेतात. ओमानची अधिकृत भाषा अरबी, म्हणून जबाबही अरबीत लिहिला जातो. अरबी येत नसेल तर दुभाषा मागा. लिहिलेलं सगळं समजल्याशिवाय सही करू नका.

जबाबात पाहिलेलं सांगा, अंदाज सांगू नका. ही दोन वाक्यं वाचा:

१. निळ्या शर्टवाल्यानेच पर्स चोरली.
२. निळ्या शर्टवाला माणूस आईच्या मागे उभा होता.

तुम्ही दुसरंच पाहिलं असेल, तर दुसरंच सांगा. पहिल्या वाक्यामुळे एखादा निरपराध माणूस अडकू शकतो. ‘मला माहीत नाही’ हेही खरं उत्तर असतं.

पुण्याची आजी फोनवर विचारेल, ‘एफआयआरची कॉपी घेतलीस का गं?’ भारतात १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे. त्यानुसार तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. पण तो कायदा ओमानमध्ये चालत नाही. इथे तक्रारीचा नंबर विचारून लिहून ठेवा. पुढच्या वेळी गेलात की तोच सांगायचा.

नवीन पासपोर्टसाठी पोलिसांचा कागद जोडून भारतीय दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. दूतावास पासपोर्ट देऊ शकतो, पण चोराचा तपास करू शकत नाही. ते काम पोलिसांचंच. पुरावा मिळाला नाही तर प्रकरण बंदही होऊ शकतं. तरी तक्रार वाया जात नाही, कारण तो कागद पासपोर्टसाठी लागतोच.

शब्दार्थ
तक्रारदार – तक्रार करणारी व्यक्ती
जबाब – पोलिसांनी लिहून घेतलेलं म्हणणं
दुभाषा – एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगणारा
निरपराध – ज्याने गुन्हा केलेला नाही असा

स्वाध्याय
१. तक्रारदाराला तीच गोष्ट कुठे कुठे सांगावी लागू शकते?
२. दूतावास काय करू शकतो आणि काय करू शकत नाही?
३. आज शाळेत घडलेल्या एका प्रसंगाबद्दल पाच वाक्यं लिहा. फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा.