एक फाइल, तीन तक्रारी

प्रश्न : सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी आणि एक्सेल २००३ आहे. डेस्कटॉपवरच्या हिशोबाच्या फाइलवर डबल-क्लिक केलं, की लागोपाठ तीन संदेश येतात : 'सी:\डॉक्युमेंट्स.एक्सएलएस' सापडत नाही, 'अँड.एक्सएलएस' सापडत नाही, वगैरे. असल्या नावांच्या फाइली आम्ही कधी केल्याच नाहीत! व्हायरस असेल का?

उत्तर : व्हायरसचा संशय आधी काढून टाका. फाइलही जागेवरच आहे. एक्सेलच्या 'फाइल' मेनूतून 'ओपन' करून पाहा, निमूट उघडेल.

एक्सपीत डेस्कटॉपवरची फाइल खरं तर सी ड्राइव्हवरच्या 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरच्या पोटात असते. या नावात दोन ठिकाणी स्पेस आहे. डबल-क्लिक केल्यावर विंडोज फाइलचा अख्खा पत्ता एक्सेलच्या हाती देतं आणि तो अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. ती चिन्हं गळाली, की एक्सेल प्रत्येक स्पेसपाशी नाव संपलं असं समजतं. पत्त्याचे तीन तुकडे म्हणजे त्याच्या लेखी तीन फाइली! ज्या तुकड्याला एक्सटेन्शन नाही त्याला ते आपल्या पदरचं 'एक्सएलएस' जोडतं. तिसरा संदेश नीट वाचा : तो 'सेटिंग्ज'पासून सुरू होऊन तुमच्या फाइलच्या खऱ्या नावावर संपतो. त्या नावातही स्पेस असती, तर चौथा संदेश आला असता.

हे बिघडतं ते बहुधा रजिस्ट्री 'साफ' करणाऱ्या एखाद्या अतिउत्साही प्रोग्रॅममुळे किंवा ऑफिसची दुसरी आवृत्ती टाकल्या-काढल्यामुळे. फाइलचं नाव बदलून उपयोग नाही, कारण स्पेस फोल्डरच्या नावात आहे.

एक्सेल बंद करा. स्टार्टमधल्या 'रन'मध्ये इंग्रजी अक्षरांत 'एक्सेल.ईएक्सई /रेगसर्व्हर' टाइप करा. तिरप्या रेघेआधी स्पेस हवीच. एक्सेल आपल्या नोंदी रजिस्ट्रीत नव्याने लिहितं, आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं, तर 'माय कॉम्प्युटर'च्या 'टूल्स'मध्ये 'फोल्डर ऑप्शन्स', तिथे 'फाइल टाइप्स', 'एक्सएलएस', 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'ओपन', 'एडिट' असं जा. आज्ञेच्या शेवटी %1 दिसेल. तुम्ही क्लिक केलेल्या फाइलचं नाव बसतं ती ही जागा. तिला दुहेरी अवतरणचिन्हं घाला : "%1".

'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'चं नावच बदलण्याचा मोह मात्र टाळा, विंडोजचं निम्मं बिऱ्हाड तिथेच आहे. पुढे व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनेच ते नाव सोडून सुटसुटीत 'यूजर्स' केलं.