इंग्रजीत 92, म्हणजे नेमकं काय येतं?

पालकहो, पालकसभेच्या शनिवारी उत्तरपत्रिका तुमच्यासमोर ठेवलेली असते, पण बहुतेक आईबाबा पहिल्या पानावरचा आकडा बघतात आणि ती मिटून ठेवतात. "इंग्लिशमध्ये 92 आहेत, मग काही काळजी नाही ना, मॅडम?" नाहीतर, "गणित छान आहे हो त्याचं, इंग्लिशच 61 वर अडलंय. ट्यूशन लावू का?" मी गाझियाबादेत सीबीएसईच्या शाळेत नववी ते बारावीला इंग्रजी शिकवते. वर्गात दर वर्षी चार-दोन मराठी मुलं असतातच. कुणाचे वडील हिंडनच्या हवाई तळावर, कुणाची आई केंद्र सरकारच्या खात्यात, कुणी नोएडाच्या आयटी कंपनीत. या घरांशी मराठीत बोलता येतं, त्यामुळे बोलणं जरा मोकळेपणानं होतं. त्यांच्याशी जे बोलते तेच आज तुमच्याशी बोलायचंय.

आधी त्या आकड्याची फोड करू. दहावीच्या इंग्रजीत 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. लेखीच्या 80 मध्ये न वाचलेल्या उताऱ्यांना 20, व्याकरणाला 10, लेखनाला 10 आणि पाठ्यपुस्तकांतल्या धडे-कवितांना 40. म्हणजे लेखीचा अर्धा भाग 'फर्स्ट फ्लाइट' आणि 'फूटप्रिंट्स विदाउट फीट' या दोन पुस्तकांचा. त्यांची तयार उत्तरं नई सडकेवरच्या गाइडांत मिळतात, ट्यूशनमध्ये पाठ करून घेतली जातात. आता हिशोब बघा. अंतर्गत गुण पैकीच्या पैकी, धडे-कविता, व्याकरण आणि लेखन चोख, आणि उताऱ्यांत 20 पैकी 12. बेरीज 92. आणि ज्याला 61 मिळाले त्याची फोड अशीही असू शकते: उताऱ्यांत 16, पण पाठांतराचा कंटाळा, म्हणून धडे-कवितांत 40 पैकी 14. अनोळखी इंग्रजी मजकूर समोर आला, तर या दोघांपैकी कुणाला तो जास्त समजेल? मी दोन्ही प्रकारची मुलं वर्षानुवर्षं बघते आहे. पहिल्याच्या घरी पेढे येतात आणि दुसऱ्याला ट्यूशन लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की उत्तरपत्रिकेचा 'अ' विभाग उघडा. त्यात दोन उतारे असतात, एक विवेचन करणारा मोठा आणि एक माहितीचा, बहुतेक वेळा आकडे किंवा आलेख असलेला. त्यात मूल कुठे चुकलंय ते बघा. उताऱ्यात शब्दशः सापडणारं उत्तर त्यानं बरोबर लिहिलंय, पण "लेखकाला असं का वाटतं?" या प्रश्नाला पुन्हा उताऱ्यातलीच एक ओळ उतरवून दिलीय का? तसं असेल तर मूल शब्द ओळखतंय, वाचत नाहीये. त्यानंतर लेखनाचं पान उघडा. तिथे औपचारिक पत्र असतं, आणि दिलेल्या माहितीवरून शंभर-सव्वाशे शब्दांचा परिच्छेद लिहायचा असतो. पत्राचा मायना, विषय, शेवटचं 'आपला विश्वासू' हे सगळं जागच्या जागी, आणि मधल्या मजकुरात तक्रार नेमकी कशाची ते कळतच नाही, अशी पत्रं मी गठ्ठ्यांनी तपासते. साचा येतो, सांगणं येत नाही. हे गुणांच्या बेरजेत दिसत नाही, पानावर मात्र लख्ख दिसतं.

आता ऐकण्या-बोलण्याकडे येते. तुम्हा सगळ्यांना खरी आस याचीच असते. "तिला फाडफाड बोलता आलं पाहिजे" हे मी दर सभेला ऐकते. पण दहावीच्या 100 गुणांत ऐकणं आणि बोलणं या दोन्हींना मिळून किती गुण आहेत? पाच. अकरावी-बारावीला प्रत्येकी पाच, म्हणजे दहा. मंडळानं 2013-14 च्या सुमारास नववी-दहावीसाठी ऐकण्या-बोलण्याची स्वतंत्र चाचणी जोरात सुरू केली होती. ध्वनिफीत ऐकवून प्रश्न विचारायचे, मुलांना जोडीजोडीनं बसवून बोलतं करायचं, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, अशी ती पद्धत होती. पुढे तिचा संकोच होत होत आजचे पाच गुण उरले. हा बदल मला कधीच पटला नाही. पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला नीट पाच मिनिटं द्यायची तर शिक्षकाचे कितीतरी तास जातात, ही अडचण खरी आहे. पण ज्या कौशल्यासाठी पालक एवढे तळमळतात, त्याची परीक्षा पाच गुणांत उरकली, की शाळाही तिला पाच गुणांएवढंच महत्त्व देते. मग कुठे मुलांना एखादं भाषण पाठ करून म्हणायला लावतात, तर कुठे सगळ्यांना सरसकट साडेचार.

नीट घेतली तर ही चाचणी कशी होते ते सांगते. दोन मुलं समोरासमोर बसवायची आणि त्यांना एक काम द्यायचं: वर्गाची एक दिवसाची सहल चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात न्यायची की हुमायूनच्या मकबऱ्याला, ते दोघांनी बोलून ठरवा. एक मुलगी सुरू होते ती थांबतच नाही. मकबरा कुणी बांधला, कधी बांधला, जागतिक वारसा यादीत आहे, सगळं अस्खलित. समोरचा मुलगा थोडा अडखळत विचारतो, पाऊस आला तर तिथे आडोसा कुठे आहे? मुलगी क्षणभर थांबते, आणि तिच्या पाठ केलेल्या माहितीतलं पुढचं वाक्य सुरू करते. ऐकणाऱ्याला वाटेल, मुलगी सरस. पण मंडळाचे निकष चार आहेत: संवाद साधण्याची हातोटी, ओघ, उच्चार आणि भाषेची अचूकता. पहिल्या निकषात बोलण्याला सुरुवात करणं, आपली पाळी ओळखणं आणि विषयाला धरून उत्तर देणं येतं. तिथे तो मुलगा पुढे आहे. त्यानं ऐकलं, विचार केला आणि तिच्याशी बोलला. उद्या मुलाखतीत, प्रयोगशाळेत, ऑफिसच्या बैठकीत हेच लागणार आहे.

उच्चारांचं तर तुम्ही मनावर घेऊच नका. आपल्या मुलांच्या इंग्रजीत मराठीचा हेल येतो, आणि दिल्लीत वाढलेल्यांच्या इंग्रजीत हिंदीचा. येऊ द्या. भाषेच्या पातळ्या ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी युरोपीय परिषदेची चौकट 2001 मध्ये आली. ए-वनपासून सी-टूपर्यंत तिच्या सहा पायऱ्या आहेत. 2020 मध्ये तिची जी सुधारित पुरवणी पूर्ण झाली, तीत उच्चारांचं मोजमाप 'मूळ इंग्रज बोलतो तसं' या कसोटीवरून काढून 'ऐकणाऱ्याला कळतं का' या कसोटीवर आणलं. खुद्द युरोपनं सोडलेला आग्रह आपण इंदिरापुरमच्या दिवाणखान्यात धरू नये. पाहुण्यांसमोर मुलाचा उच्चार दुरुस्त केलात, तर पुढच्या वेळी ते तोंडच उघडणार नाही.

बदलीनं इथे आलेल्या घरांशी आता थोडं वेगळं बोलते. लातूरहून, नाशिकहून आठवीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत शिकलेलं मूल नववीत दिल्लीच्या शाळेत येतं. इंग्रजी त्याला नवी नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही ती पहिलीपासून आहे. पण दिवसभर सगळे विषय इंग्रजीत ऐकायची सवय नसते. त्यातून मधल्या सुट्टीत सगळे हिंदीत. पहिले काही महिने असं मूल गप्प असतं. या गप्प काळात ते भराभर ऐकत आणि साठवत असतं. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या चाचणीवरून त्याला 'कच्चं' ठरवू नका, आणि शाळेलाही ठरवू देऊ नका. वर्गशिक्षकांना भेटून सांगा, की सहामाहीला पुन्हा बघू या, आणि तोवर ऐकण्यात किती फरक पडला ते आम्हाला कळवत राहा.

याच्या उलट गुरुग्रामच्या किंवा नोएडाच्या महागड्या शाळांतून येणारी काही मुलं. बोलण्यात तयार, मित्रांशी, मोबाइलवर सगळं इंग्रजीत. घरचे निर्धास्त. आणि दहावीला विश्लेषणाचा परिच्छेद लिहायला बसली की चार वाक्यांत संपतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच हा फरक मांडून ठेवलाय. गप्पांची भाषा एक आणि अभ्यासाची भाषा एक. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत वाचून विचार मांडायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यांचं दुसरं म्हणणं मला अधिक महत्त्वाचं वाटतं: घरच्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेतही मुलाच्या कामी येते. कारण सांगणं, तुलना करणं, मुद्दा पटवून देणं हे मुलाला मराठीत येत असेल, तर इंग्रजीत त्याला फक्त शब्द आणि वाक्यरचना शिकायची उरते.

म्हणून कळकळीनं सांगते, घरातली मराठी बंद करू नका. "आम्ही आता घरी इंग्लिशच बोलतो" असं सांगणाऱ्या आईबाबांच्या मुलांना दोन्हीकडे तुटपुंजं मिळतं. तुम्हाला ज्या भाषेत रागावता येतं, गंमत करता येते, कारण समजावता येतं, तीच भाषा त्यांच्याशी बोला. मागच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतरमालेवरून इंग्रजी शिकल्या, त्यांनीही मराठीच्या आधारानंच ती आपलीशी केली.

आणि मुलाची इंग्रजी तपासायची तर घरी, मराठीतच तपासा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंग्रजीत सूचना आलेली असते: टाकी साफ करायची आहे, अमुक टॉवरचं पाणी अमुक वेळेत बंद, पिण्याचं पाणी आधी भरून ठेवा, गाड्या तिसऱ्या गेटजवळून हलवा. नववीतल्या मुलाला ती वाचायला द्या आणि फोन परत घ्या. मग विचारा, आपल्याला काय काय करायला हवं? एका घरी आईनं हे करून बघितलं. मुलगी सूचना घडाघडा वाचून मोकळी झाली, पण पाणी आपल्या टॉवरचं जाणार की शेजारच्या, हे काही तिला सांगता आलं नाही. त्या आईला इंग्रजीच्या गुणांनी वर्षभरात जे सांगितलं नव्हतं, ते दोन मिनिटांत कळलं. औषधाच्या खोक्यातला कागद, मेट्रोतली सूचना, इंग्रजी बातम्यांची तीन मिनिटं, काहीही चालेल. बारावीतल्या मुलाला 'फ्लेमिंगो'तली आल्फॉन्स दोदेची 'द लास्ट लेसन' ही गोष्ट मराठीत सांगायला लावा. जर्मनांनी जिंकलेल्या मुलखात फ्रेंच शिकवणं बंद होतं, त्या शेवटच्या तासाची ती गोष्ट आहे. मराठीत सांगताना मुलाचा गळा दाटला, तर त्याला इंग्रजी वाचता येतं हे नक्की समजा.

ही पद्धत माझी नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे सर्वेक्षक गावोगावी हेच करतात. त्यांच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 57.3 टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि त्या वाचणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांशांना त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेल्यांनी वाक्य वाचलं, पण अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला नाही. शहरात, महागड्या शाळेत असं होत नाही या भरवशावर राहू नका.

बारावीनंतरच्या सीयूईटी या प्रवेश परीक्षेची धास्ती अनेकांना असते. 2022 पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश त्यावरून होतात. इंग्रजीच्या पेपरात ना बोलणं, ना लिहिणं. 50 प्रश्न, 60 मिनिटं, मुख्य भर उतारे वाचून समजण्यावर. पुन्हा तोच 'अ' विभाग. या परीक्षेच्या 13 भाषांत मराठीही आहे, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. लक्ष्मीनगरच्या रस्त्यांवर 'तीस दिवसांत इंग्लिश' असे फलक बघून फी भरण्यापूर्वी मुलाला नेमकं काय अडतंय ते शोधा. वाचन कच्चं असलेल्या मुलाला बोलण्याच्या क्लासचा उपयोग होत नाही, आणि बुजणाऱ्या मुलाला व्याकरणाच्या वह्या भरून धीर येत नाही.

तर येत्या पालकसभेला दोघांपैकी ज्यांना जमेल त्यांनी जरा जास्त वेळ काढून या. उताऱ्यांचं आणि लेखनाचं पान आमच्यासोबत बसून बघा. बोलण्याची चाचणी कधी झाली, कुणासोबत झाली, विषय काय होता, चार निकषांपैकी कशात मूल मागे पडलं, हे विचारा. या चाचणीच्या नोंदी निकालानंतर तीन महिने शाळेनं जपून ठेवायच्या असतात, तेव्हा विचारायला संकोच नको. तुम्ही विचारायला लागलात, की आम्ही शिक्षकही ती चाचणी नीट घ्यायला लागू.