नाताळच्या भेटी आणि घरखर्च

मुलांच्या नाताळच्या भेटींवर आईवडिलांनी किती खर्च करावा, या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर अमेरिकेतील बँकांनी दिले. १९०९ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी एका बँकेने ‘ख्रिसमस क्लब’ सुरू केला. खातेदाराने दर आठवड्याला ठरावीक लहानशी रक्कम भरावयाची व सण जवळ आला की ती एकरकमी काढावयाची, अशी ही योजना होती. पुढे अनेक बँकांनी ती उचलली. त्यामुळे खर्चाची मर्यादा दुकानातील मोहाने नव्हे, तर वर्षभराच्या बचतीने ठरू लागली. उधारीवर आणलेल्या खेळण्याचे हप्ते मात्र खेळणे मोडल्यावरही फेडावे लागतात आणि त्याची झळ अखेर मुलांनाच लागते. खर्चाचा आकडा घरोघरी वेगळा असेल. तो साठलेल्या रकमेबाहेर जाऊ नये, हेच हितावह होय.