बॉनेटखालची गळती : आधी निदान, मग खर्च

टॅक्सी-टेम्पो चालविणाऱ्या बांधवांनी गाडीखाली डाग दिसताच पार्ट बदलण्याची घाई करू नये. रात्री इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवून सकाळी तपासावा. काळपट, चिकट डाग इंजिन ऑइलचा. हिरवा वा गुलाबी, गोडसर वासाचा कूलंटचा. नुसते पाणी बहुधा ए.सी.चे, त्याची चिंता नको.

ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून थंड इंजिन पुसावे, थोडी फेरी मारावी व सर्वांत वरचा ओला भाग शोधावा. गळती बहुधा तेथेच असते. रेडिएटर गरम असताना झाकण उघडू नये.

ब्रेक ऑइल गळत असेल तर मात्र गाडी हलवू नये. दिवसाचा धंदा बुडाला तर भरून निघतो, जीव नाही.