पात्रतेची ओळ

लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठात पदवीच्या मुलांसाठी आरोग्य-संशोधनाचा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम मी बघते. काही आठवडे प्रयोगशाळेत किंवा वस्तीतल्या पाहणीवर काम, विद्यावेतन, शेवटी पोस्टर. आमच्याकडे शिकणारी कितीतरी मुलं आईवडिलांच्या कडेवर बसून या देशात आलेली आहेत. शाळा इथलीच, मित्र इथलेच, फक्त राहण्याचे कागद नाहीत. शाळेपर्यंत त्यांना कोणी अडवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच तसा निकाल दिलाय. अडतं ते त्यानंतर. या मुलांना कार्यक्रमात घ्यायला लागल्यापासून जे कळत गेलं, ते असं.

१. पात्रतेची ओळ आली कुठून, ते आधी शोधावं.

‘अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा.’ आमच्या माहितीपत्रकात ही ओळ होती आणि सगळे ती कायदा समजून वाचायचे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) प्रशिक्षण अनुदानांना ती अट खरोखरच आहे; टी-३२ला ती आहे, पदवीच्या मुलांसाठीच्या ‘मार्क’लाही होती; तिथे पळवाट नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमांचंही तेच. पण आमचा पैसा येत होता एका खासगी प्रतिष्ठानाकडून आणि थोडा विद्यापीठाच्या देणगी-निधीतून. प्रतिष्ठानाचा करार काढून वाचला, तर त्यात नागरिकत्वाचा उल्लेखही नाही. कोणीतरी कधीकाळी सरकारी अनुदानाच्या अर्जावरून मजकूर उचलला आणि तो वर्षानुवर्षं तसाच छापला गेला. तरीही प्रतिष्ठानाकडून ‘आमची हरकत नाही’ असं लेखी मागवून घेतलं. तोंडी होकार देणारा माणूस पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

२. पैसा कोणत्या खिडकीतून जातो, यावर सगळं अवलंबून.

१९८६ च्या कायद्याने नोकरी देणाऱ्यावर कामाचा परवाना तपासायची जबाबदारी टाकली. त्याचाच तो आय-नाइन फॉर्म. विद्यावेतन पगारपत्रकातून काढलं की हा फॉर्म आला आणि मुलगा तिथेच थांबला. शिष्यवृत्ती म्हणजे पगार नव्हे; ती आर्थिक मदत विभागातून जाते आणि तिथे हा फॉर्म लागत नाही. कॅलिफोर्नियात २००१ च्या कायद्याने या मुलांना राज्यातल्या रहिवाशांची फी लागू झाली आणि २०११ च्या कायद्यांनी शिष्यवृत्त्या नि राज्य सरकारची मदतही खुली झाली. इतर सगळ्या राज्यांत असं नाही, हे लक्षात ठेवायचं.

मात्र नुसतं नाव ‘शिष्यवृत्ती’ ठेवून भागत नाही. निवडीच्या पत्रात ‘ताशी’ हा शब्द नको, तासांची नोंदवही नको, आणि ‘जरा शनिवारी येऊन माझे नमुने चालवून दे’ म्हणणारे प्राध्यापक तर मुळीच नकोत. शिकणं कुठे संपतं आणि राबवून घेणं कुठे सुरू होतं, ही रेघ वकिलांना हवीच असते. खरं तर ती सगळ्याच मुलांसाठी आखायला हवी होती.

आणखी एक खाचखळगा. मदत विभागातून गेलेली रक्कम विद्यार्थ्याच्या वर्षाच्या एकूण मदतीत धरली जाते. मर्यादा ओलांडली, तर दुसरीकडून तेवढी कापली जाऊ शकते. उन्हाळ्यात दिलेलं हिवाळ्यात काढून घेतलं, असं व्हायला नको. त्या विभागातल्या बाईंशी आधी बोलून रक्कम आणि तारीख ठरवून घ्यावी.

३. ‘डाका असेल तर चालेल’ या वाक्याचा आता उपयोग नाही.

डाका म्हणजे लहानपणी आलेल्यांसाठी ओबामांनी २०१२ मध्ये आणलेली सवलत. तीत कामाचा परवाना मिळतो, पण १५ जून २००७ च्या आधीपासून या देशात असलेल्यांनाच. आज पहिल्या वर्षाला असलेलं मूल तेव्हा तान्हं होतं किंवा जन्मलंच नव्हतं. त्यात २०२१ पासून टेक्सासच्या न्यायालयाच्या आदेशामुळे नव्या अर्जांना मंजुरी मिळणं थांबलं. तेव्हा ‘डाकाधारकांनाही प्रवेश’ असं अभिमानाने लिहिणारा कार्यक्रम आत्ताच्या मुलांना बाहेरच ठेवतो.

४. विचारू नये. कळलं तर लिहून ठेवू नये.

अर्जातला सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना काढला. निवडीला तो लागतच नव्हता. शिफारसपत्रांत मात्र गंमत होते. प्राध्यापक कौतुकाच्या भरात ‘कागदपत्रं नसतानाही याने’ असं लिहून मोकळे होतात आणि ते पत्र निवड समितीतल्या सगळ्यांच्या संगणकावर जाऊन बसतं. आता शिफारस मागवतानाच सूचना देतो.

५. ही मुलं संशोधनाला काय देतात, ते मैदानात दिसतं.

बॉइल हाइट्समध्ये मधुमेहाची घरोघर पाहणी चालली होती. आमच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न पूर्ण नाव, दुसरा पत्ता. दारं अर्धवट उघडायची आणि मिटायची. एका विद्यार्थ्याने शांतपणे सांगितलं, “प्रोफेसर, आमच्या घरी कोणी असं विचारत आलं असतं, तर आईने दिवासुद्धा लावला नसता.” त्याच्या म्हणण्यावरून नाव काढूनच टाकलं, पत्त्याऐवजी जवळचा चौक विचारला, तोही शेवटी. नीतिमत्ता समितीकडून बदल मंजूर करून घेतला. लोक बोलू लागले, एक आजी तर फ्रिजमधली इन्सुलिनची कुपी आणून दाखवत होत्या. साथरोगशास्त्राच्या पुस्तकात याला प्रतिसादाचं प्रमाण म्हणतात. ते कसं वाढतं, हे त्या मुलाला पुस्तकाआधीच ठाऊक होतं.

६. परिषद कुठे आहे, ते नकाशावर बघावं.

सॅन डिएगो आम्हाला गाडीने दोन-अडीच तासांवर. जाताना काही नाही, पण उत्तरेकडे परतताना सॅन क्लेमेंटेजवळ हमरस्त्यावर सीमा-पोलिसांचा नाका आहे. पोस्टर लॉस एंजेलिसमध्येच मांडता येईल अशी सोय आधीच ठेवावी, आणि ती सगळ्यांना खुली ठेवावी, म्हणजे कोण का आलं नाही याची चर्चा होत नाही.

७. आपल्या घरांतही बघावं.

मंडळाच्या गणपतीत एका ओळखीच्या मुलीने विचारलं, “मावशी, मला तुमच्या कार्यक्रमात येता येईल?” वडील एच-वन-बी व्हिसावर, ग्रीनकार्डची रांग संपता संपत नाही, आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की तिचा एच-फोर हा अवलंबितांचा व्हिसा संपणार. तिच्याकडे कागद आहेत, तरी एनआयएचची ती ओळ तिलाही बाहेर ठेवते. ‘ते लोक’ म्हणत नाकं मुरडणारे आमच्यातले काहीजण हे ऐकून जरा गप्प होतात.

८. पुढचा रस्ता आहे तसा सांगावा, गोड करून नाही.

शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठाच्या स्ट्रिच वैद्यकीय महाविद्यालयाने डाकाधारकांना उघडपणे प्रवेश दिला, २०१४ मध्ये पहिली मुलं दाखल झाली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा करून व्यावसायिक परवान्यांच्या आड इमिग्रेशन येणार नाही असं ठरवलं. पण डॉक्टर झाल्यावरची रेसिडेन्सी ही नोकरी आहे आणि तिथे पुन्हा कामाचा परवाना लागतो. पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, पण शिकवण्याची असिस्टंटशिपही नोकरीच. म्हणून मुलांना सांगते, अर्ज करण्याआधी विभागाला एकच प्रश्न विचारा: पाचही वर्षं फेलोशिपवर काढता येतील का? फोनवरचा माणूस बहुधा “बघून सांगतो” म्हणतो. मग तोच प्रश्न ईमेलने पाठवायचा, म्हणजे उत्तर लेखी येतं.